रबराचा मासा सरळ बसवताना

सिद्राय, दिवा इकडं घे. अजून थोडा.
कारवारची गाडी चारला आहे, आत्ता कुठं साडेदहा.
घाईत ओवलेला मासा वाकडा बसतो
आणि वाकडा मासा पाण्यात भोवऱ्यागत फिरतो.
खालचे बघतात, आणि आपल्या वाटेनं जातात.

तो काळा रॉड ठेव.
राकसकोपच्या तळ्याला ठीक आहे तो, मरळीला.
तिथं बारा वाव पाणी, खाली खडक,
असला मऊ शेंडा हिसक्याआधीच नमस्कार घालतो.
निळा घे, आखूड.
खडेबाजारात बागवानाकडं वर्षभर नुसता हातात धरून परत ठेवला,
मग घेतला.
बिल कानडीत, घासाघीस मराठीत,
शेवटचे पन्नास त्यानं उर्दूत सोडले.

ही डोकी माझी.
उद्यमबागेत दुसरी पाळी सुटली की मागच्या शेडमध्ये ओततो,
टायरवाल्याकडचं जुनं शिसं, दोन फाकांचा साचा.
हे चाळीस ग्रॅम, हे साठ.
ओढ नसली तर चाळीस. दोरी तिरकी पळायला लागली
की मुकाट्यानं साठ लाव.
तळ लागला की हाताला कळतं, ठक्.
पुरसो तांडेल म्हणतो तसं. मला काय माहीत.

आता बघ.
आधी मासा गळाशेजारी धरायचा, उताणा नको,
आणि गळ कुठं बाहेर निघणार तिथं नखानं खूण करायची.
मग नाकातनं आत. मधोमध.
जीव असल्यागत वळतो तो, वळू द्यायचा नाही.
खुणेवर पाठीतनं वर काढ.
शेपूट मोकळी राहिली पाहिजे, सगळं काम तिचं.
मानेशी फेविक्विकचा एक थेंब. एकच.
मागं मी अंगठ्याला मासा चिकटवून जेवायला बसलो होतो,
तुझी मामी लग्नकार्यात अजून सांगते.

पुढचा दोन हात धागा जाड आहे. वीस वेढे घातलेत गाठीला.
तुटली तर थुंकी लावून ओढ,
कोरडी गाठ आपली आपणच कापते.
ब्रेक तपासलाय. तांदळाची पिशवी बांधून
व्हरांड्यातनं ओढत नेली,
गंगव्वा गेटातनं बघत उभी, एन माडतीरी, म्हणाली.
काय सांगणार की.

रंग? पुरसोला फोन केला होता.
धवोच हाड, म्हणाला. म्हणून पांढरे सहा.
गुलाबी दोन माझ्या मनाचे.
तो इसवण म्हणेल, तू सुरमई म्हण,
बर्फवाला अंजल म्हणून भाव पाडेल. दात तेच.

मी का येत नाही?
गेलो होतो की एकदा.
बंदराच्या तोंडाशीच पोटातलं सगळं बाहेर.
पुरसोनं हातात लिंबू दिलं आणि फळीवर आडवं केलं.
रॉड वाकला तेव्हा डोळे गच्च मिटलेले होते माझे.
रील तेवढी ऐकली.
किंचाळत होती, आणि थांबेचना.

एकतीस वर्षं ओततोय, सिद्राय.
पंपाची चाकं, व्हॉल्व्ह, कुठल्या तरी ट्रॅक्टरची झाकणं.
पेटीत भरली, गेली.
माझ्या हातचं काही चालताना
मी पाहिलेलं नाही.

मासा नाही मिळाला तर नाही. बर्फात पैसे घालू नको.
रॉड गोड्या पाण्यानं धू, रील पुसून ठेव.
पण ज्याला काही झोंबलं असेल
तो रबराचा मासा धुवू नको.
अर्धा तुटला असला तरी कागदात गुंडाळून आण.
दात कुठं बसलेत
तेवढं बघायचंय मला.

आण इकडं तो पाचवा.
शेपूट उलटी लावलीस.